साखरेचे शिपाई

यंदा शहाद्याच्या बाजारात हार-कंगणांच्या दोऱ्या रिकाम्या लोंबताहेत. साखर परवान्यावर गेली, तेव्हा शिमग्याला पोरांच्या गळ्यात घालायचे काय, असे हलवाई उलट आम्हालाच विचारतो. पलीकडे वाचनालयात भिंतीवर लढाईचा नकाशा लावला आहे. एक निवृत्त कारकून रोज पेपर वाचून त्यावरच्या टाचण्या हलवतात. परवा त्यांनी एक लाल टाचणी उपटून बोटभर पुढे टोचली आणि तपकीर ओढली. बोटभर म्हणजे किती गावे, किती माणसे, कोणी विचारले नाही. मी मात्र उभ्या उभ्या जिभेने दातांतली फट चाचपत राहिलो. वरचा, उजवीकडचा दात. तो मी लढाईत गमावला. कुठल्या लढाईत म्हणून कोणी विचारले तर मी पानिपत सांगतो, आणि हे निम्मे तरी खरे आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीचा तो फाल्गुन. तापीकाठच्या काळ्या रानात दादर ज्वारी काढून झाली होती, खळ्यावरचा दाणा घरात आला होता, आणि सारवलेले रिकामे खळे उन्हात चकचकत पडले होते. नदी आटून पार पलीकडच्या थडीला गेली होती. दुपारी वारा सुटला की सातपुड्याकडून मोहाचा गोडसर, डोके धरणारा वास यायचा. अशा दिवसांत शहाण्या माणसाने कुंपणे नीट करावीत, औत दुरुस्त करावे. मी चोवीस वर्षांचा घोडा, मोजणीदाराच्या हाताखाली दोन वर्षे साखळी ओढून आलेला, खळ्यावर पालथा पडून साखरेच्या शिपायांची कत्तल करत असे.

कत्तलीत जोडीदार सुकदेव. तो वरल्या गल्लीचा, मी खाललीचा. ह्या दोन गल्ल्या एकाच आडनावाच्या, एकाच कुळीच्या. पण मी पाळण्यात असताना पाण्याच्या पाटावरून त्यांच्यात लाठ्या चालल्या आणि माझे मोठे काका जागच्या जागी गेले. काठी मागून बसली होती. ती सुकदेवच्या बापाने, नथू आबाने मारली असे कचेरीत ठरले. नथू आबाने दहा वर्षे सक्तमजुरी भोगली. सुकदेवने आपला बाप पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो बापाच्या कमरेला लागत होता. सुटून आल्यावरही नथू आबाला गावात कोणी राम राम घातला नाही. होळीचा दांडा उभा करताना सगळे गाव हात लावते. वरल्या गल्लीच्या त्या एका घराने लावायचा नाही. कचेरीत त्याने उलट माझ्या बापाचे नाव घेतले होते, हे तर आमच्या घरात दात खाऊनच सांगत.

सुकदेव आणि मी शहाद्याला एका बाकावर शिकलो, म्हणून गल्ल्यांच्या वैरातही आमचे जमायचे. चुलते कुरकुरत. माझे वडील, आबा, यांनी मात्र एका शब्दाने कधी अडवले नाही. आपला बाप किती मोठ्या मनाचा, असे मला तेव्हा वाटे.

शिमग्याच्या हंगामात सुकदेव शहाद्याच्या एका हलवायाकडे पाकाच्या कढईवर बसायचा. हार-कंगणांबरोबर तिथे लाकडी साच्यांतून घोडे, हत्ती, उंट आणि बंदूकवाले शिपाई निघत. साचा उघडताना ज्याचा पाय मोडे, सोंड तुटे, तो माल सुकदेव धोतराच्या सोग्यात बांधून आणी. त्यामुळे आमच्या दोन्ही फौजा जन्मतःच लंगड्या. पांढऱ्या माझ्या, गुलाबी त्याच्या. माझ्या घोडदळात अकरा घोडे आणि बत्तीस पाय होते.

मैदान मी बांधी. काळ्या मातीचे डोंगर, हरभऱ्याच्या वाळल्या डहाळ्यांची झाडी, काकूच्या फाटक्या निळ्या लुगड्याची यमुना. काकू ते लुगडे आठ दिवस शोधत होती आणि मीही तिच्याबरोबर शोधत होतो. साखळी ओढलेला माणूस, तेव्हा सगळे मापात: एक हात म्हणजे एक बोट. चाल बोटांनी मोजायची. पाच कवड्या फेकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितके शिपाई ठार. आणि ठार झालेला शिपाई ज्याने मारला त्याने खायचा.

हा कायदा माझ्या डोक्यातला. मला वाटले होते, याने खेळाला गोडी येईल. आली ती वेगळीच. दुसऱ्या दिवसापासून आम्ही डावाकरता मारत नव्हतो, मारण्याकरता डाव टाकत होतो. घोड्याचे मुंडके आधी दाताने तोडायचे, मग धड. हत्ती मारला की सोंड तोंडाबाहेर लोंबत ठेवून दुसऱ्याच्या तोंडासमोर चावायचा. हनुवटीवरून गुलाबी लाळ गळायची. एकदा सुकदेवने माझा सेनापती मारला आणि लगेच खाल्ला नाही. पाय चाटून चाटून बारीक केले, मग कंबर, मग छाती, असा घटकाभर जिवंत ठेवून मारला. मी ते बघत बसलो आणि माझ्या हाताच्या मुठी आवळलेल्या होत्या, साखरेच्या तुकड्यासाठी.

तिसऱ्या दिवशी फौजा टोपलीत ठेवून घरी गेलो. दुसऱ्या दुपारी येऊन बघतो तर मुंग्यांनी दोन्ही पक्ष एकाच न्यायाने निकालात काढले होते. कित्येक शिपायांची आतून पोखरून नुसती कवचे उरली होती, बोट लावले की ढासळायची. एका घोड्याच्या डोळ्यातून मुंगळ्यांची रांग जात-येत होती. पुढे आम्ही टोपली पाण्याच्या परातीत ठेवू लागलो. वाचनालयातला नकाशा बघताना मला ते घोडे आठवतात. टाचणीच्या खाली काय चालले आहे ते टाचणीला कळत नाही.

पानिपत आम्ही चार वेळा लढलो. चारही वेळा मी पेशव्यांकडून आणि चारही वेळा हरलो, म्हणजे इतिहासाशी मी प्रामाणिक होतो. चौथ्या वेळी सुकदेवने माझी नजर चुकवून डोंगराआडून घोडे घातले आणि माझ्या फौजेची पाठ फोडली. कवड्या पाचही उताण्या पडल्या. मी हरलो की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. अजूनही राहत नाही, बायकोला विचारा. मी म्हणालो, "वरल्या गल्लीना मानसं मागूनच मारतस. रक्तमाच शे तुमना."

बोलून मी पुढचा घोडा उचलायला हात नेला तेव्हा लक्षात आले की समोर कोणी हलत नाही. सुकदेवच्या तोंडात माझा अर्धा शिपाई होता. तो त्याने हातावर काढला, खाली ठेवला. मला वाटले, आता मारतो. त्याने आवाज चढवलाच नाही.

"मांड मंग," तो म्हणाला. "तीच लढाई मांड. तुन्हा मापवर मांड. मन्हा बाप जर मागे जाई सकना, तं मी आजपाशी तुन्हा उंबरा चढाव नही. आनि नही जाई सकना, तं तू तुन्हा आबाले तोंडवर सांगशी."

पैज मी हसत घेतली. एक तर मोजमापात मला कोण हरवणार, आणि दुसरे म्हणजे आमच्या घरातली गोष्ट खोटी असेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. तुळशीवृंदावन जसे असते तशी ती गोष्ट घरात होती. थोरले काका वळणावर उभे, तोंड पाटाकडे, आबा त्यांच्या पाठीशी, भाऊ भावाची पाठ राखतो तसे, आणि नथू पाट ओलांडून, वळसा घालून, मागून. वरली गल्ली म्हणे, नथूने पाट ओलांडलाच नाही. दोन्ही गोष्टींत फरक एवढाच. बाकी जागा, वळण, उजव्या कानावरचा घाव, सगळे दोन्हीकडे सारखे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोरी घेऊन त्या जागेवर गेलो. मी आयुष्यात तिथे पाय ठेवला नव्हता. माणूस मेलेली जागा म्हणून काहीतरी वेगळी असेल असे वाटले होते. एक बकरी बोरीचा पाला खात होती. पाटाची रुंदी तीन हात. काठावरून मागे थोराचे, म्हणजे काटेरी निवडुंगाचे कुंपण, जुने, हातभर जाड बुंध्यांचे, मधून कुत्रे जाणार नाही असे घट्ट. काठ ते कुंपण, साडेतीन हात. मी दोनदा मोजले. सुकदेवने दोरीचे दुसरे टोक धरले होते आणि तो आकड्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होता.

दुपारी खळ्यावर मांडले. पाट तीन बोटे रुंद. थोराच्या जागी थोराचेच काटे रोवले, साडेतीन बोटांवर. खराट्याच्या काड्या तोडून प्रत्येक शिपायाच्या हाती पाकाने डकवल्या, पाच बोटांच्या, कारण लाठी पाच हाती. थोरले काका पांढरे, काठावर. आबा पांढरे, त्यांच्या पाठीशी. नथू गुलाबी. मग मी नथूला मागे नेऊ लागलो.

तो मावेना.

काकांच्या मागे आबा, आबांच्या मागे काटे. मी नथूला तिरका घातला, तर काठी कुंपणात अडके. आडवा घातला, तर त्याला मारायला हात उचलता येईना.  मग मी एक गोष्ट केली जी मोजणीखात्यात मी कधी केली नव्हती: करंगळीने कुंपण हळूच मागे सरकवले.

"काटा नको सरकाडू," सुकदेव म्हणाला.

मी कुंपण परत आणले. आणि मग, एवढा मोठा मोजमापवाला मी, काय केले? नथूला जागा व्हावी म्हणून आबांना उचलून बाजूला ठेवले.

त्याच वेळी मागून सावली पडली. आबा बैलांकरता आले होते. ते याआधीही दोन-तीनदा येऊन, मेलेली माणसे खाणारी ही कसली पिशाच्चे म्हणून आमची टर उडवून गेले होते. आज ते वाकून बघत राहिले. पाट, वळण, थोर. आमच्या घरात एक खोड आहे, ती मला त्यांच्याकडूनच आली: दुसऱ्याने चुकीचे मांडलेले आम्हाला बघवत नाही. आबांनी बोट पुढे केले आणि गुलाबी शिपाई उचलून पाटापलीकडे ठेवला.

"नथू पाट वलांडी उनाच नही," ते म्हणाले. औताचा फाळ वाकडा बसला असे सांगावे तसे.

मग त्यांनी स्वतःला उचलले, काकांच्या मागे होते तिथे ठेवले, काडी नीट केली. काडी काकांच्या उजव्या खांद्यावरून नथूच्या दिशेने गेली. पाच बोटांची काडी, त्यातली बोटभर मुठीमागे. ती नथूपर्यंत पोचत नव्हती. मध्ये जे डोके होते, तिथपर्यंत पोचत होती.

खळ्यावर पाखरे सांडलेला दाणा टिपत होती. आम्ही तिघेही त्या काडीकडे बघत होतो. आबांच्या तोंडाकडे बघायची माझ्यात हिंमत नव्हती, तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघितले. हात काकांच्या शिपायावर गेला. एक पाय साच्यातच मोडलेला, बिनचेहऱ्याचा पांढरा शिपाई. आबांनी तो उचलला आणि तोंडात घातला.

आमचा कायदा त्यांना माहीत होता. त्यांनी तो चावून खाल्ला, एकदम नाही, दाढेखाली एकेक तुकडा मोडत. इतकी वर्षे मी लढाया वाचतो आहे. त्या आवाजापेक्षा भयंकर काही मी वाचलेले नाही.  गिळून झाल्यावर ते म्हणाले, "होळीले सांगसू. गावमोहरे." आणि बैल न घेताच गेले.

सुकदेवला दहा वर्षे न मिळालेला बाप, पुढची तेरा-चौदा वर्षे न मिळालेले राम राम, सगळे कोणाला तरी परत द्यायचे होते. बापाच्या वयाच्या माणसावर हात टाकणे त्याच्या रीतीत नव्हते. म्हणून त्याने तो माझ्यावर टाकला. पहिल्याच ठोशात दात गेला. मी खाली पडलो तो पाटावर आणि थोरावर. पाठीत काटे घुसले. मग त्याने लाथ घातली, एक बरगडीत, एक मांडीत. मी पाय धरून त्याला पाडले आणि त्याचा कान चावला. काय करणार, आठ-दहा दिवस चावायचीच सवय झाली होती. फौजा आमच्या अंगाखाली चुरा होत होत्या. शेवटी दमून दोघे पडून राहिलो. तोंडात रक्त आणि साखर एकत्र झाली होती, आणि मला सांगायला लाज वाटते, ते बेचव नव्हते.

होळीपर्यंतचे पाच दिवस आबा जेवायला बसत आणि उठत. मी घरात कोणाला काही बोललो नाही. मी गप्प बसलो ही त्या वर्षातली दुसरी नवलाई. आईने दाताचे विचारले, मी बैलाचे नाव सांगितले.

होळी निवडण्यात आबांनी चूक केली. शिकलेला म्हणून ती आधी माझ्या लक्षात यायला हवी होती, माझ्याही आली नाही. आमच्याकडे होळीला बोंब मारतात. त्या संध्याकाळी कोणी कोणाबद्दल काहीही ओरडावे. पाटलाची चोरी, भटजीची भानगड, स्वतःच्या बापाची लफडी. जो ज्याच्या तोंडाला येईल ते ओरडतो, बाकीचे तोंडावर हात मारून बोंब ठोकतात, आणि सकाळी कोणी लक्षात ठेवायचे नाही अशी रीत. होळी पेटली, ढोल लागले, आबा पुढे झाले. फेटा काढून हातात घेतला. सगळी ताकद लावून ओरडले, "मन्हा भाऊले मीच मारं! नथूनी नही!"

क्षणभर ढोल चुकला. मग कोणीतरी हसले. मग सगळे हसले. इतक्या कडक माणसाने एवढी मोठी थट्टा केली म्हणून खाललीची पोरे त्यांना खांद्यावर घ्यायला धावली. मागून कोणी पुरवणी जोडली, "मारा आनि खाई गया!" आणि गावभर बोंब उठली. आबा पुन्हा ओरडले. पुन्हा बोंब. तिसऱ्यांदा त्यांचे नुसते तोंड हलले. मी जाळाच्या पलीकडे बघितले. लांब, बाभळीला टेकून नथू आबा उभा होता. गावात तो एकटा हसत नव्हता.

धुळवडीच्या सकाळी आबांनी मला उठवले. फेटा नव्हता, पायात काही नव्हते. घराघरात जायचे म्हणाले. तू बरोबर ये, मी शुद्धीत आहे हे सांगायला कोणीतरी लागेल. खालल्या गल्लीची अकरा घरे. पहिल्या दोन घरांनी अजून होळीच चालू आहे असे समजून रंग टाकला. तिसऱ्या घरात आबांनी रंगाने भरलेल्या तोंडाने तेच वाक्य पुन्हा सांगितले, हळू, आणि तिथली म्हातारी रडू लागली. चौथे घर त्यांच्या सख्ख्या चुलतभावाचे. ह्या चुलत्यांनी कचेरीत साक्ष दिली होती, नथूला पाट ओलांडताना डोळ्यांनी बघितले म्हणून. त्यांनी ऐकून घेतले, आत गेले, बैलाचा आसूड घेऊन बाहेर आले. मी मध्ये पडलो तेव्हा एक माझ्या हातावर बसला. बाकीचे आबांनी घेतले. कानाची पाळी फाटली. आपण खोटी साक्ष दिली हे त्या आसुडाने चुलते कोणाला सांगत होते, ते मला तेव्हा कळले नाही. आबा पाचव्या घरी गेले. सहाव्याने दार लावले, दाराला सांगितले. आठव्या घरात कोणी थुंकले. दर घरी वाक्य तेच. सुरुवातीला त्यात "काठी निसटनी" असे शब्द होते, नवव्या घरापासून तेही गेले. रक्त मानेवरून बंडीत उतरत होते आणि मागोमाग गल्लीतली कुत्री येत होती.

बारावे घर वरल्या गल्लीत. नथू आबा अंगणात बसून कापसाच्या पऱ्हाट्या सरपणाला मोडत होता. सुकदेव दारात उभा राहिला, माझ्याकडे बघितले, हलला नाही. आबा अंगणाच्या कडेला थांबले. तोवर आवाज स्थिर झाला होता. ते म्हणाले, मन्हा भाऊले मी मारं, तू नही.

नथू आबाने हातातली पऱ्हाटी मोडली, ढिगावर टाकली, दुसरी घेतली.

"मले काय सांगस?" तो म्हणाला. "मी तं तठेच व्हतू."

  आबा धुळीत बसले, ढिगातून एक पऱ्हाटी ओढली आणि गुडघ्यावर मोडली. नथू आबाने बस म्हटले नाही, ऊठही म्हटले नाही. थोड्या वेळाने त्याने न बघता ढीग पायाने दोघांच्या मध्ये सरकवला.